खांदा, कोपर, मनगट दुखतंय? चोळायच्या आधी हा धागा वाचा

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी फिजिओथेरपिस्ट आहे, सांगली जिल्ह्यात १९ वर्षं प्रॅक्टिस झाली. हा धागा बरेच दिवस काढायचा होता पण गेल्या आठवड्यात एक मुलगा आला आणि मग राहवलं नाही.

मुलगा ८ वर्षांचा. जांभळाच्या झाडावरून हातावर पडला, कोपर टम्म सुजलं. घरच्यांनी 'मुरगळलाय' म्हणून तेल लावून चोळून घेतला, रोज, तीन आठवडे. दुखायचं तेव्हा तो रडायचा, आणि जितका रडायचा तितकं जोरात चोळायचे, कारण शीर मोकळी होतेय असं त्यांना सांगितलं होतं. माझ्याकडे आला तेव्हा कोपर काटकोनात अडकलेलं, त्या हाताने घास तोंडापर्यंत जात नाही. एक्स-रे काढायला लावला तर कोपराच्या वरचं हाड मोडून तसंच वाकडं जुळलंय आणि पुढच्या स्नायूत नवीन हाड तयार व्हायला लागलंय. हो, स्नायूत हाड. दुखावलेला स्नायू परत परत रगडला की शरीर तिथे हाड बनवायला लागतं, आणि कोपराच्या बाबतीत हे फार होतं.

आजी त्याच्याबरोबर आली होती, तिने स्वतः रोज तेल कोमट करून दिलं होतं. तिला काय बोलणार. माया होती म्हणूनच केलं ना तिने.

तर माझं एवढंच सांगणं आहे की पडल्यावर, ठेच लागल्यावर पहिले दोन-तीन दिवस हात चोळायचा नाही, ओढायचा नाही, गरम शेक द्यायचा नाही. बर्फ फडक्यात गुंडाळून १०-१५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. हात उशीवर उंच. आणि सगळ्यात आधी, सूज चढायच्या आत, अंगठ्या, बांगड्या, पाटल्या, मनगटावरचे गंडे-दोरे काढून टाका. हे लोक विसरतात आणि मग कटरने सोन्याची अंगठी कापावी लागते.

तुमचे अनुभव, प्रश्न लिहा, वेळ मिळेल तशी उत्तरं देईन. तपासल्याशिवाय निदान होत नाही हे मात्र लक्षात ठेवा, मी इथे फक्त दिशा सांगू शकते.

अनघा_चिंचवड

ताई फार गरजेचा धागा. माझ्या आईचा विचारायचाय. वय ५८, शुगर आहे १२ वर्षांपासून. उजवा खांदा चार महिने दुखतोय, पडली वगैरे नाही. आधी नुसता रात्री दुखायचा, त्या कुशीवर झोपता यायचं नाही, आता हात वरच जात नाही, ब्लाउजचे हुक लावता येत नाहीत, वेणी घालता येत नाही, फडताळावरचा डबा काढायला मला हाक मारते. डॉक्टर म्हणाले फ्रोजन शोल्डर. एक्स-रे नॉर्मल. शेजारच्या काकू म्हणतात हात अजिबात हलवू नकोस, मावशी म्हणते रोज पंख्याला दोरी बांधून ओढ. कुणाचं ऐकायचं?

कृष्णाकाठ

अनघा, दोघींचंही नको ऐकू :) पण आधी थोडं समजून घे म्हणजे आईलाही धीर येईल.

खांद्याच्या सांध्याभोवती एक पिशवीसारखं आवरण असतं. ते सुजतं, जाड होतं, आणि आक्रसतं. मधुमेह असलेल्यांमध्ये हे जास्त होतं, साधारण १०० तले १० ते २० जण यातून जातात, थायरॉईडवाल्यांनाही होतं, आणि ४० ते ६० या वयात बायकांना जास्त. याच्या तीन पायऱ्या. पहिली दुखण्याची, रात्र रात्र झोप नाही. दुसरी आखडण्याची, दुखणं कमी होतं पण खांदा कुलूप लावल्यासारखा. तिसरी सुटण्याची. सगळं मिळून एक ते तीन वर्षं जातात. ऐकायला भयंकर वाटतं पण बहुतेकांचा हात परत कामाला येतो, थोडा ताठरपणा काहींना राहतो.

घरी ओळखायची एक खूण सांगते. आईला कोपर अंगाला चिकटवून काटकोनात धरायला सांग आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्यायला सांग, दार उघडतो तसा. मग तू हलक्या हाताने तिचा हात तसाच बाहेर नेऊन बघ. फ्रोजन असेल तर तिलाही जमत नाही आणि तुलाही नेता येत नाही, मध्येच अडतो. तिला जमत नाही पण तू नेलास तर सहज जातो असं असेल तर मग सांध्याचा प्रश्न नाही, स्नायूच्या दोऱ्यांचा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या टेंडनचा असू शकतो, ते वेगळं दुखणं.

काय करायचं: सध्या रात्री दुखतंय म्हणजे अजून पहिल्या पायरीतून पूर्ण बाहेर नाही. आत्ता जोर करून ओढलं तर आणखी सुजेल. पंख्याच्या दोरीचा विषय बंद. त्याऐवजी टेबलाला डावा हात टेकून वाकायचं आणि उजवा हात नुसता लोंबकळत सोडून घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा, दोन मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. भिंतीवर बोटांनी चढायचं, दुखायला लागतं तिथे थांबायचं, पेन्सिलने खूण करून ठेवायची म्हणजे दर आठवड्याला कळतं. अंघोळीच्या गरम पाण्यानंतर केलं तर सोपं जातं, या दुखण्यात गरम शेक चालतो, हे ताज्या मारासारखं नाही. सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन सुरुवातीच्या काळात चांगला आराम देतं, घाबरायचं कारण नाही, पण शुगर काही दिवस वर जाते, तेव्हा तिच्या डायबेटिसच्या डॉक्टरांना आधी विचारून घ्या आणि घरी रोज तपासा.

चहाबाज

ताई हे स्नायूच्या दोऱ्यांचं जरा सविस्तर सांगा ना, मला एमआरआयमध्ये 'पार्शल टेअर', म्हणजे दोरी अर्धवट फाटलीय असं आलंय, वय ६१, तेव्हापासून झोप उडालीये. दुखणं खरं तर आता कमी आहे.

कृष्णाकाठ

काका, खांद्याचा गोळा चार स्नायूंनी धरून ठेवलेला असतो, त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. वरच्या स्नायूची दोरी हाडाखालच्या चिंचोळ्या जागेतून जाते, तिथे ती घासते, सुजते, वयाबरोबर विरतेही, जुन्या धोतरासारखी. साठीनंतर खांदा अजिबात दुखत नसलेल्या माणसांचा एमआरआय काढला तरी अनेकांमध्ये थोडं फाटलेलं दिसतं. त्यामुळे रिपोर्टला घाबरू नका, हात काय करू शकतो ते बघा. बाजूने हात वर नेताना सुरुवातीला ठीक, मध्ये साधारण ६० ते १२० अंशात चमक, आणि वर गेल्यावर परत ठीक, ही याची नेहमीची खूण. व्यायामाने बहुतेक लोक सावरतात, रबरी पट्ट्यावर हळूहळू ताकद वाढवायची, दोन-तीन महिने नेटाने. पण पडल्यावर अचानक हात उचलताच येईना, किंवा कुणी वर नेऊन सोडला तर धपकन खाली पडतो, असं झालं तर मात्र वाट बघू नका, ऑर्थोपेडिक सर्जनकडे त्याच आठवड्यात.

अस्थिमित्र

ऑर्थोपेडिक सर्जन आहे, नेहमी नुसता वाचतो, आज लिहितो. वर लिहिलंय ते सगळं बरोबर. एक भर घालतो, कारण यात जीव जातो. डावा खांदा किंवा डावा हात दुखतोय, हात हलवून दुखणं कमीजास्त होत नाही, सोबत घाम, छातीवर दडपण, जबड्यात दुखणं, श्वास लागणं, तर तो खांदा नाही, हृदय असू शकतं. बाम चोळत बसू नका. १०८ ला फोन करा. मधुमेह असलेल्यांना छातीत दुखतच नाही असंही होतं, म्हणून त्यांनी जास्त जपायचं.

मिडऑन

मी लेदर बॉलचा नाही, टेनिस बॉलचा, रविवारचा खेळाडू आहे, बाकी आयटी. उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाच्या टोकावर दुखतं, चहाचा कप उचलताना पण चमक येते, दाराची मूठ फिरवताना तर डोळ्यांत पाणी. सगळे म्हणतात टेनिस एल्बो, सचिनला झालेला तो. एका ठिकाणी इंजेक्शन घेतलं, दीड महिना एकदम मस्त, मग परत तेच, उलट जास्त. आता दुसरं घ्यायचं का?

कृष्णाकाठ

हो, २००४ मध्ये सचिनला झाला तेव्हापासून महाराष्ट्रात घराघरात हे नाव माहीत झालं, २००५ मध्ये त्याचं ऑपरेशनही झालं. पण माझ्याकडे येणाऱ्यात टेनिस खेळणारे कोणी नसतात. पोळ्या लाटणाऱ्या, धुणं पिळणाऱ्या, पाना फिरवणारे मेकॅनिक, रंगारी, सुतार. मनगट मागे उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या टोकाला चिकटलेले असतात, तिथे रोजच्या ताणाने दोरीची झीज होते. आतल्या बाजूला दुखलं तर त्याला गोल्फर्स एल्बो म्हणतात, गोष्ट तीच, बाजू दुसरी.

इंजेक्शनचं तुझं झालं ते अनेकांचं होतं. पहिले काही आठवडे भारी वाटतं, पण वर्षभराने बघितलं तर इंजेक्शन घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा मागे असतात, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. त्यामुळे दुसरं, तिसरं घेत राहणं मला पटत नाही. बहुतेकांचं हे वर्षभरात ऑपरेशनशिवाय बरं होतं, फक्त धीर लागतो.

व्यायाम असा: हात टेबलावर, पंजा कडेबाहेर, तळवा जमिनीकडे, हातात अर्धा लिटर पाण्याची बाटली. डाव्या हाताने उजवं मनगट वर उचलून द्यायचं आणि उजव्याने ते हळूहळू, पाच मोजत, खाली सोडायचं. १५ वेळा, तीन फेऱ्या, रोज. थोडं दुखलं तरी चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं नसलं म्हणजे झालं. पट्टा लावणार असशील तर दुखऱ्या हाडावर नाही, त्याच्या दोन बोटं खाली, मांसल भागावर. आणि वस्तू उचलताना तळवा वर करून उचल, लॅपटॉपची बॅगसुद्धा. इतका साधा बदल आहे पण निम्मं दुखणं त्यात जातं.

पन्हाळ्याचा_पाटील

ताई राम राम. माझ्याकडं पाच म्हशी हाईत, दोन्ही टायमाला धार मीच काढतो. सहा महिने झालं उजव्या हाताला मुंग्या येत्यात, रात्री दोन-तीनला जाग येती, हात झटकला की जरा बरं वाटतं. आता सकाळी शर्टाची बटणं लावता येईनात, हातातनं तांब्या सुटतो. गावात म्हणत्यात मानेची शीर दबली, कुणी म्हणतं वात. पट्टा घालून फिरतोय मानेला. फरक न्हाई.

कृष्णाकाठ

दादा, कुठल्या बोटांना मुंग्या येतात? करंगळीला येतात का? नीट आठवून सांगा.

पन्हाळ्याचा_पाटील

करंगळीला न्हाईत. अंगठा आन त्याच्या शेजारची दोन बोटं. चौथ्याला अर्ध्यातच.

कृष्णाकाठ

मग मानेपेक्षा मनगट बघायला हवं. मनगटाच्या आतल्या बाजूला एक बोगदा असतो, त्यातून नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. धार काढताना मूठ सतत आवळता, दोऱ्या सुजतात, जागा तेवढीच, मग नस दबते. ती नस नेमकी याच साडेतीन बोटांची. करंगळीची नस वेगळी, ती कोपरामागून जाते. याला कार्पल टनेल म्हणतात. गरोदरपणात, थायरॉईडमध्ये, मधुमेहातही होतं, तेव्हा शुगर आणि थायरॉईड एकदा तपासून घ्या.

रात्री झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा लावायचा, आत पट्टी असलेला, मेडिकलमध्ये मिळतो. झोपेत आपण मनगट दुमडतो म्हणून रात्री त्रास जास्त. पण दादा, तुमच्या हातातून तांब्या सुटतोय हे मला आवडलं नाही. अंगठ्याच्या बुडाशी मांसल गादी असते, दोन्ही हातांची शेजारी धरून बघा, उजवी बसलेली, पोकळ दिसते का? दिसत असेल तर नुसत्या पट्ट्यावर वेळ घालवू नका. नसांची तपासणी असते, एनसीव्ही म्हणतात, ती करून सर्जनला दाखवा. ऑपरेशन छोटं असतं, हात बधिर करून करतात, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी. फार उशीर केला तर गेलेली ताकद परत येत नाही. आणि तोवर धारेला घरातलं दुसरं कुणी बघा.

पन्हाळ्याचा_पाटील

बसलीय ताई ती गादी. आज बघितली तवा कळलं. सोमवारी कोल्हापूरला जातो.

बाळाची_आई

मी डब्लिनमध्ये असते, बाळ ३ महिन्यांचं. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर इतकं दुखतं की बाळाला काखेत धरून उचलताना हात सुटेल अशी भीती वाटते. इथे आई नाही सासूबाई नाहीत, नवरा ऑफिसला, दिवसभर मीच उचलते, आणि फोनही त्याच हातात. व्हिडिओ कॉलवर आई म्हणते वाताने झालंय, बाळंतशेपा खा, ओवा-शेपाचा शेक घे.

कृष्णाकाठ

अगं तुझी एकटीची धावपळ मला दिसतेय इथून. बाळंतशेपा खा, त्याने काही बिघडत नाही, पण मनगटाचं कारण वेगळं आहे. अंगठा उचलणाऱ्या दोन दोऱ्या मनगटावर एका नळीतून जातात, ती नळी सुजते. डी क्वेरव्हेन नावाच्या स्विस सर्जनने १८९५ मध्ये याचं वर्णन केलं म्हणून त्याचं नाव. बाळंतिणींना इतकं होतं की आम्ही दारातून बाळ घेऊन येणारी, मनगट धरलेली आई बघूनच ओळखतो.

तू बाळाला दोन्ही अंगठे ताठ करून काखेत धरून उचलतेस, तो धरायचा प्रकार बदल. एक हात ढुंगणाखाली, एक मानेखाली, तळवे वर, सगळा भार कोपरापासूनच्या हातावर घे. दूध पाजताना हाताखाली उशा रच. अंगठ्यासकट मनगट धरणारा पट्टा घे, नुसता मनगटाचा नको, त्याने अंगठा मोकळाच राहतो. तीन-चार आठवड्यांत उतरलं नाही तर तिथल्या डॉक्टरला दाखव. इथे स्टिरॉइडचं इंजेक्शन छान काम करतं, टेनिस एल्बोसारखं नाही. दूध पाजतेस हे त्यांना आधी सांग.

सह्यभटका

आमच्या ग्रुपमध्ये राजमाचीहून उतरताना एकजण घसरला, खांदा निखळला. खांद्याची गोलाई गेली, चौकोनी दिसायला लागला, हात अंगापासून लांब धरून किंचाळत होता. एकाने यूट्यूबवर बघितलेलं, म्हणाला मी बसवतो. आम्ही बसवू दिलं नाही. बरोबर केलं का?

अस्थिमित्र

शंभर टक्के बरोबर केलं. खांदा बहुतेक वेळा पुढच्या बाजूला निखळतो, आणि सोबत हाडाचा कोपरा मोडलेला असू शकतो, नस ताणलेली असू शकते. एक्स-रेशिवाय ओढाओढ केली तर साधा निखळलेला खांदा मोडका होऊन येतो. ज्या स्थितीत हात आराम मानतो त्याच स्थितीत, काखेत शर्ट किंवा चादरीची गुंडाळी ठेवून, ओढणीची झोळी करून अंगाला बांधा. बोटं गरम आहेत का, हलतात का, खांद्याच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श कळतो का, बघत राहा. खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. आणि पंचविशीच्या आतल्या पोराचा खांदा एकदा निखळला की परत निखळायची शक्यता बरीच असते, तेव्हा बसवल्यावर फिजिओ पूर्ण करायचाच, 'आता दुखत नाही' म्हणून सोडायचा नाही. कबड्डीवाले नेमके हेच करतात.

आता मनगटाबद्दल माझं एक कळकळीचं सांगणं. अंगठा वर ताणला की मनगटाच्या बाजूला एक खळगा पडतो, पूर्वी तपकीर ओढणारे त्यात चिमूट ठेवायचे, इंग्रजीत त्याचं नावच तपकिरीच्या डबीवरून आहे. हातावर पडलात आणि त्या खळग्यात दाबून दुखलं तर एक्स-रे नॉर्मल आला तरी विश्वास ठेवू नका. तिथे स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड असतं, त्याची चीर पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही. पट्टी बांधून ठेवायची आणि १०-१४ दिवसांनी परत एक्स-रे, किंवा एमआरआय. या हाडाला रक्त बोटांच्या बाजूने मिळतं, मध्ये मोडलं की मागचा तुकडा उपाशी राहू शकतो आणि वाळू शकतो. बाईकवरून पडलेली विशीतली पोरं 'लचकलंय' म्हणून क्रेप बँडेज गुंडाळून फिरतात आणि दोन वर्षांनी मनगट दुखतं म्हणून येतात. तेव्हा माझ्या हातात फार काही उरलेलं नसतं.

वाडीकर

एक वेगळं मत मांडतो, राग नसावा. आमच्या गावचे हाडवैद्य, तीन पिढ्या हे काम, पैसे घेत नाहीत. माझ्या वडिलांचा हात त्यांनीच बसवला, आज ८० व्या वर्षी विळा चालवतात. तालुक्याला सर्जन आठवड्यातून एकदा येतो. सगळ्यांना एकाच मापात मोजू नका.

कृष्णाकाठ

राग कसला, बरोबर बोलताय. माझ्या आजोळी पण होते असे, त्यांच्या बोटांना जे कळायचं ते मला शिकायला पाच वर्षं लागली. ते एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळायचे, लहान मुलाचं कोपर हातात घ्यायचे नाहीत, सरळ मिरजेला पाठवायचे. मी तेवढंच मागतेय. लहान मुलाच्या कोपरावर घट्ट बांबूची पट्टी बांधली आणि आत सूज वाढली तर पुढच्या हाताचं रक्त थांबतं, स्नायू मरतात, बोटं कायमची नखीसारखी वळतात. फोल्कमान नावाच्या जर्मन सर्जनने १८८१ मध्ये लिहून ठेवलंय हे आणि मी आजही बघते. पट्टी असो की हॉस्पिटलचं प्लास्टर, बांधल्यावर ठणका वाढत चालला, बोटं गार, निळी, बधिर पडली, बोट सरळ करताना मूल किंचाळलं, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोनला जायचं. वाटेत पट्टी सैल केली तरी चालेल.

हो, आणि एक ते चार वर्षांच्या मुलाला हाताला धरून झटका देऊन उचललं आणि मग ते हात वापरेना, लटकता ठेवतं, सूज नाही, तर बहुतेक कोपरातल्या एका हाडाचं टोक किंचित सरकलेलं असतं. डॉक्टर एका मिनिटात बसवतात आणि मूल लगेच खेळायला लागतं. मूल पडलं असेल तर मात्र हे धरून चालायचं नाही, आधी एक्स-रे.

अनघा_चिंचवड

ताई एक राहिलं. आईची बहीण, ६४, परवा बाथरूममध्ये घसरली, मनगट मोडलं, जेवणाच्या काट्यासारखं वाकलेलं दिसत होतं. बसवून प्लास्टर घातलंय. आता काय काळजी घ्यायची?

कृष्णाकाठ

सहा आठवडे प्लास्टर असेल साधारण. पण बोटं, कोपर आणि खांदा आजपासून हलवायचे, दर तासाला दहा वेळा मूठ मिट-उघड, दिवसातून चार वेळा हात डोक्यावर. नाहीतर मनगट जुळतं आणि खांदा गोठतो, दर पावसाळ्यात अशा मावश्या बघते मी. खाजलं म्हणून आत विणायची सुई घालू द्यायची नाही. आणि साठीनंतर साध्या पडण्याने मनगट मोडलं म्हणजे हाडं विरळ झालीत का ते बघायला हवं, डेक्सा स्कॅन करून घ्या, ड जीवनसत्त्वही तपासा. पुढच्या वेळी खुबा नको मोडायला. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा या महिन्यातच.

मिडऑन

बाटलीचा व्यायाम सुरू केलाय, आठवा दिवस. दुखणं तेवढंच आहे पण काल कप उचलताना चमक आली नाही. ताई, तो मुलगा कसा आहे?

कृष्णाकाठ

काल आला होता. मी त्याचं कोपर ओढत नाही, ओढलं तर ते नवीन हाड आणखी वाढेल. तो स्वतःच जेवढं वाकवेल तेवढं, खेळात, चेंडू गालाला लावायचा असा खेळ केलाय. १५ अंश वाढलेत. पुढे ऑपरेशन लागेल का ते सर्जन काही महिन्यांनी, ते हाड पक्कं झाल्यावर, ठरवतील. आजी रोज येते त्याच्याबरोबर, रोज विचारते, आता तेल लावू का. मी म्हणते डोक्याला लावा. ती लावते, आणि तो बसतो शांत.